माळवद आणि पत्रा

औंढ्याच्या नागनाथाच्या गाभाऱ्यात जावयाचे तर यात्रेकरूला वर चढावे लागत नाही, खाली उतरावे लागते. मंदिर यादवकालीन, खालचा कोरीव दगडी भाग जुना, वरचे बांधकाम पुढील काळातील. गाभारा भूमीच्या पोटात आहे आणि अरुंद वाटेने, अंग चोरून, त्यात शिरावे लागते. विसोबा खेचर आणि नामदेव यांच्या भेटीची जी कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे ती याच स्थळी घडली असे परंपरा सांगते. परंतु प्रस्तुत विषय देवाचा नाही, देवाच्या घराच्या छपराचा आहे. वैशाखात बाहेर पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेलेला असतो, प्रांगणातील फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाही. अशा वेळी माणसांची दाटी नसेल तर या गाभाऱ्यात ऋतू बदलल्यासारखे वाटते. वर दगड, दगडाभोवती भूमी. सूर्याची पोच तेथवर नाही.

मंदिराच्या आवाराबाहेर येऊन गावाकडे दृष्टी टाकावी, तर तेथे सूर्य आणि माणूस यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी फक्त अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा उभा आहे. औंढाच काय, हिंगोली, परभणी, नांदेड, लातूर या सगळ्या मुलखात हेच दृश्य दिसते. शंभर वर्षांपूर्वी येथे असे नव्हते. त्या काळी गावावर नजर टाकली असता मातीच्या सपाट गच्च्यांच्या पायऱ्यापायऱ्या दिसत. त्या गच्चीचे नाव माळवद. माळवद गेले आणि पत्रा आला, या स्थित्यंतराचा इतिहास कोणत्याही बखरीत नाही. परंतु मराठवाड्याच्या संसारात त्याने जेवढा पालट घडविला तेवढा क्वचितच एखाद्या राज्यक्रांतीने घडविला असेल.

माळवद म्हणजे काय हे, ज्यांचे आजोळ मराठवाड्यात असेल त्यांना सांगावयास नको. इतरांसाठी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. जुने घर खणांनी मोजीत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ घातलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या. ऐपत नसेल तर फळ्यांऐवजी काटक्यांचा दाट थर. त्यावर झाडपाला अंथरावयाचा, त्यावर चिखल, आणि सर्वांत वर पांढरी माती चोपून बसवावयाची. मातीचा हा थर फूट-दीड फूट तरी असे, आणि पुष्कळ घरांत त्याहून बराच अधिक. मधोमध एक भोक ठेवलेले असे, त्याला सवणे म्हणत. त्यातून उजेड खाली येई आणि चुलीचा धूर वर जाई. पावसाचे पाणी वाहून नेण्यास कडेला पन्हळ. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंदीच्या. अशा घराला रस्त्याच्या बाजूस खिडक्या बहुधा नसतच. असल्या तर कोनाड्याहून मोठ्या नसत.

पांढऱ्या मातीविषयी दोन शब्द अधिक सांगावेसे आहेत, कारण तीत या मुलखाचा सगळा भूतकाळ मिसळलेला आहे. मराठी गावाचे दोन भाग: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी माती पाणी पिते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. छपरावर ती काय कामाची? पांढरी तशी नाही. पिढ्यान् पिढ्या पडलेल्या भिंती, चुलींची राख, शेण आणि उकिरडे यांची मिळून ती झालेली असते. पाणी पडले की तिचा वरचा थर दाबून बसतो व खाली पाणी उतरू देत नाही. म्हणून जुन्या गढीची अथवा ओसाड गावठाणाची टेकाडे खणून लोक गाड्याच्या गाड्या पांढरी माती घरी आणीत. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे अशीच टेकाडे खणताना सातवाहन काळातील मृण्मूर्ती, मणी, नाणी हाती लागली आणि तेथील संग्रहालयाचा पाया त्यातून घातला गेला. पुरातत्त्वज्ञांना या खणतीचे दुःख होते आणि ते रास्तही आहे. तथापि, दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींची माती आजच्या माणसाच्या डोक्यावर सावली धरीत होती, ही गोष्टही मोठी चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

आता या मातीचे काम पाहावे. दुपारी बारा-एकच्या सुमारास मराठवाड्याच्या निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरवर जवळजवळ एक हजार वॅट इतकी सूर्यशक्ती उतरते. माळवदाचा वरचा पृष्ठभाग तिने चांगलाच तापतो, पण ती उष्णता खाली सरकते ती मुंगीच्या पावलांनी. मातीचे कण आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा हे दोन्ही उष्णतेचे मंद वाहक. मातीच्या नेहमीच्या गुणधर्मांवरून हिशेब केला तर एक फूट जाडीच्या थरातून दुपारची उष्णतेची लाट खालच्या अंगाला पोहोचावयास नऊ-दहा तास लागतात. आणि पोहोचेपर्यंत तिचा चढउतार दशांशाहूनही कमी उरलेला असतो. दीड फूट जाडी असेल तर तो पन्नासाव्या हिश्शावर येतो. म्हणजे भर दुपारी माजघरात बसलेल्या बाईच्या डोक्यावर त्या दिवसाचे ऊन नसतेच; आदल्या रात्रीची शिळी हवा छतातून झिरपत असते, असे म्हणावयास हरकत नाही. माजघर अंधारे खरे. पण बाळंतीण, म्हातारी माणसे आणि दुपारची झोप यांना ते अंधारेपणच मानवे.

दुपारची ती उष्णता रात्री दहा-अकराच्या सुमारास आत उतरू लागे, तेव्हा घर कोंदटल्यासारखे होई. परंतु त्या वेळी घरात असे कोण? सारे घर माळवदावर निजलेले! आकाश मोकळे असले की तापलेली भूमी आपली उष्णता त्याच्याकडे फेकून देते, आणि पहाटेपर्यंत माळवदाचा वरचा थर अंगाखाली थंडगार होतो. उन्हाळ्यात माळवद हे दिवसा छप्पर आणि रात्री अंथरूण. त्याच माळवदावर पापड-कुरडया वाळत, डाळी-मिरच्या वाळत, बायका एका घरावरून दुसऱ्या घराशी बोलत, आणि गल्लीत न उतरता अर्धे गाव ओलांडता येई. पत्र्याचा विचार करताना पुष्कळदा फक्त दुपारच्या उष्णतामानाची तुलना होते. रात्रीचे हे अंथरूण हिशेबात धरले जात नाही.

याचा अर्थ माळवद निर्दोष होते असा नव्हे. त्याचे गुणगान करणारे बहुधा शहरात, सिमेंटच्या घरात राहतात. दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकावयाची, ती चोपावयाची, पावसाळ्यात उगवलेले गवत उपटावयाचे, उंदीर-घुशींची बिळे बुजवावयाची. झडीचा पाऊस चार दिवस लागला की कोठे ना कोठे गळती सुरू व्हावयाची आणि घरातील झाडून सारी भांडी थेंबांखाली मांडावयाची. तुळया वाळवीने पोखरल्या तर वरून कळावयाचे नाही. आणि आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते: दर वर्षी टाकलेली नवी माती जुन्या मातीवर पडे, जुनी कोणी काढीत नसे. आजोबांच्या वेळचे फूटभर माळवद नातवाच्या वेळी दोन फूट झालेले असे. तुळया मात्र आजोबांच्याच वेळच्या.

पत्र्याचा जन्म याहून अगदी निराळ्या जगात झाला. लंडनच्या गोदीत काम करणारा हेन्री रॉबिन्सन पामर नावाचा एक स्थापत्यविशारद होता. पातळ लोखंडी पत्रा सपाट असेल तर वाकतो. परंतु त्याला पन्हळीसारख्या वळ्या पाडल्या तर तोच पत्रा आपला भार आपण पेलतो, हे तत्त्व त्याने हेरले आणि १८२९ साली त्याचे एकस्व मिळविले. ही कल्पना कागदाच्या पंख्यात सर्वांनी पाहिलेली असते. तिचे छप्पर करावे हे त्याला सुचले. लोखंड गंजते ही अडचण राहिली होती. ती १८३७ साली फ्रान्समधील सोरेल याने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविण्याची रीत काढून दूर केली. पन्हळी आणि जस्त यांचा संयोग झाला आणि जहाजात घालून कोठेही नेता येईल असे छप्पर जगाला मिळाले.

ते गेलेही कोठेकोठे! १८४९ च्या सुवर्णशोधाच्या लाटेत कॅलिफोर्नियाला आणि थोड्याच वर्षांत ऑस्ट्रेलियाला, सुटे भाग पेट्यांत भरून लोखंडी घरे रवाना झाली. साउथ मेलबर्न येथे त्या काळातील अशी घरे आजही जतन करून ठेवलेली आहेत. ही घरे उन्हात भट्टीसारखी तापतात ही तक्रार तेव्हापासूनची आहे. १८५१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को शहराला आग लागली, तेव्हा लोखंडी घर जळत नाही या भरवशावर काहीजण आत राहिले. तापलेले लोखंड फुगून दारे अडकली आणि ती माणसे आतल्या आत गेली. छप्पर जळत नाही याचा अर्थ ते उष्णता अडविते असा होत नाही, हा धडा त्या नगराने फार मोठे मोल देऊन घेतला.

हिंदुस्थानात पत्रा आला तो आधी घरासाठी नव्हे. बंदरे, रेल्वेची मालधक्क्यांची छपरे, गिरण्या, कारखाने, छावण्या येथे तो आला; जेथे माल साठवावयाचा, माणसे वसवावयाची नाहीत, अशा जागा. मराठवाड्यात त्याची वाट रेल्वेने मोकळी केली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लोहवाट १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि पुढील दशकभरात पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत फाटाही झाला. कापसाच्या या पट्ट्यात सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यावर पन्हळी पत्रे चढले. गावकऱ्याने पत्रा प्रथम पाहिला तो बहुधा येथे, कापसाची गाडी रिकामी करताना. १९०७ साली टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९२४ च्या संरक्षक कायद्याने परदेशी जस्ती पत्र्यांवरील जकात वाढली. त्यानंतर हळूहळू स्वदेशी पत्राही बाजारात आला. तरीसुद्धा निजामी राजवट संपेपर्यंत खेड्यातील घरावर पत्रा असणे ही दुर्मिळ, आणि असला तर थोडीशी मिरविण्याची गोष्ट होती. आज जे गरिबीचे चिन्ह समजले जाते ते एके काळी ऐपतीचे चिन्ह होते.

मग तो सर्वत्र कसा पसरला? याला एक कारण नाही. जंगले विरळ झाली आणि घराजोगते लाकूड मिळेनासे झाले. एकत्र कुटुंबे विभागली. एका वाड्याच्या जागी चार बिऱ्हाडे झाली आणि प्रत्येकाला आपले छप्पर हवे झाले. पत्रा एका दिवसात चढतो, त्याला वर्षाला माती लागत नाही, तो गळत नाही. शिवाय तो मोडून नेता येतो, विकता येतो, गहाण टाकता येतो. ज्याची जागाच आपली नाही, जो सहा महिने ऊस तोडावयास परमुलखात जातो, त्याला डोक्यावरचे छप्पर गाडीत घालून नेता यावे, यापरते दुसरे सुख कोणते? माळवद हे एका ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांचे छप्पर होते. त्या तशा राहणीची घडी विसाव्या शतकात विस्कटली, आणि तिच्याबरोबर माळवदही विस्कटले.

पत्र्याखालील उष्म्याचे कारण लोक सांगतात ते असे की लोखंड लवकर तापते. हे खरे आहे, पण अर्धेच. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यातून उष्णता पार होण्यास वेळ असा लागतच नाही. वरचे ऊन आणि खालची माणसे यांच्यामध्ये विलंब नावाची वस्तूच उरत नाही. पण त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. नवा जस्ती पत्रा चकाकतो आणि प्रकाशाचा बराच भाग परत फेकतो. म्हणून तो कमी तापावा असे वाटते. तसे होत नाही. चकाकणाऱ्या धातूची एक खोड आहे. तो जसा उष्णता घेण्यात कंजूष तसाच ती बाहेर टाकण्यातही कंजूष. जी थोडीफार उष्णता आत शिरली ती त्याच्याकडून आकाशाकडे लवकर उत्सर्जित होत नाही, आणि तो तापत जातो. पुढे जस्त काळवंडते, गंज चढतो, तेव्हा तर प्रकाश परत फेकण्याचा गुणही जातो. भर उन्हात असा पत्रा साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो. याउलट चुन्याचा पांढरा हात हा सूर्यप्रकाश परतवूनही लावतो आणि अंगातील उष्णताही मोकळ्या हाताने बाहेर टाकतो.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. पत्र्याच्या खोलीत उष्णतामापक टांगला तर पुष्कळदा तो बाहेरच्या सावलीतील हवेपेक्षा फारसे अधिक दाखवीत नाही. विशेषतः दारे उघडी असली तर. मग माणूस एवढा का तळमळतो? कारण माणसाच्या कातडीला केवळ हवा लागत नाही. भोवतीच्या प्रत्येक पृष्ठभागातून निघणारी अदृश्य उष्णता लागते. कातडीचे उष्णतामान चौतीस-पस्तीस अंश. डोक्यावर तीन-चार हातांवर पासष्ट अंशांचे लोखंड. शेकोटीजवळ बसणाऱ्याला हवेचा पारा विचारून काय उपयोग? माळवदाच्या घरात छत हे अंगापेक्षा थंड असे. ते माणसाची उष्णता स्वतःकडे ओढून घेई. पत्र्याच्या घरात ते माणसाला देते. हा फरक पंख्याने भरून निघत नाही, कारण पंखा तापलेली हवाच फिरवीत राहतो.

न्यायाने सांगावयाचे तर रात्री पत्र्याची बाजू थोडी सावरते. सूर्य मावळला की तो तासाभरात निवतो, आणि मध्यरात्री पत्र्याखालची खोली माळवदाखालच्या खोलीपेक्षा थंडही असू शकते. हिवाळ्यात मात्र हाच गुण दोष होतो. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड पडतो, आणि माणसांच्या श्वासाची वाफ त्याच्या खालच्या अंगाला जमून पहाटे पांघरुणावर टपटपते. पावसाळ्यात वर एवढा ताशा वाजतो की घरातील माणसांना एकमेकांचे शब्द ऐकू येत नाहीत. मग त्या खोलीत पोरांनी अभ्यास कसा करावा हे सांगणे कठीण.

इतके असूनही माळवद परत यावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे काय? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांना आठवते ते असे म्हणणार नाहीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि भोवतालचा मुलूख हादरला. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत मिळून मृतांचा आकडा निरनिराळ्या गणनांनुसार आठ ते दहा हजारांच्या दरम्यान जातो. धक्का जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. रिश्टर मापाने सहाच्या थोडा वर. माणसे गेली ती प्रामुख्याने घरांखाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती सुटल्या, आणि त्यांच्यावरची पिढ्यांची साचलेली माती खाली आली.

येथे थोडे गणित करावे. मातीचे माळवद अर्धा मीटर जाड असेल तर दर चौरस मीटरवर त्याचे वजन सुमारे आठशे किलो भरते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याच जागेवर जेमतेम चार किलो. दोनशे पट! बारा बाय पंधरा फुटांच्या एका खोलीवर माळवदाची तेरा-चौदा टन माती असावयाची आणि पत्र्याचे लोखंड सत्तर किलोसुद्धा नाही. दुपारचे ऊन जे अडवीत होते ते हेच वजन. उष्णता पचविण्याची माळवदाची शक्ती त्याच्या भारातच होती. आणि भार पडतो तेव्हा तो खाली कोण निजले आहे हे पाहत नाही. छपराचे गारपण आणि छपराचे मारकपण ही एकाच गुणाची दोन नावे होती, हे त्या पहाटेने मराठवाड्याला शिकविले.

पुढे जे झाले ते स्वाभाविकच होते. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याआधी लोकांना तात्पुरते निवारे मिळाले ते पत्र्याचे, आणि त्यांत त्यांनी उन्हाळे काढले. पुनर्वसित गावांत सिमेंटची पक्की घरे मिळाल्यावरसुद्धा कितीएकांनी घराशेजारी पत्र्याची खोली उभारली आणि रात्री तेथेच निजणे पसंत केले. बाहेरून पाहणाऱ्यास हे वेडेपण वाटले असेल. ज्याने एकदा छताखालून माणसे उकरून काढली आहेत, त्याला डोक्यावर चार किलो हवे असतात, आठशे नको असतात. मग अंगाची लाही झाली तरी चालेल. भूकंपाचे क्षेत्र सोडून दूरच्या गावांतही माळवदाविषयीचा विश्वास उडाला. दुरुस्ती करावयाची वेळ आली की माती उतरवावयाची आणि पत्रे चढवावयाचे, हा रिवाज झाला.

ही अदलाबदल अविचाराची नव्हती. पण तिची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. भूकंपाचे बळी एका पहाटे मोजता येतात. उष्म्याचे बळी मोजणे तसे सोपे नाही. एखादी वृद्धा मे महिन्याच्या तिसऱ्या दिवशी कलंडते आणि तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाचा विकार लिहिला जातो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली. नेहमीच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले तेव्हा तेराशेहून अधिक मृत्यू जास्तीचे निघाले. त्यानंतर २०१३ साली त्या नगराने उष्णतेशी तोंड देण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही तिला जोडले गेले. मराठवाड्याशी एके काळी एकाच राज्यात नांदलेल्या तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आणि दुपारी पत्र्याखाली असते कोण? कर्ता पुरुष शेतावर वा बाजारात झाडाखाली तरी असतो. चुलीपुढे बाई असते, खाटेवर म्हातारी असते, झोळीत मूल असते.

पत्र्याच्या घरात राहणारे लोक हातावर हात ठेवून बसले आहेत असे मात्र नाही. कोणी पत्र्यावर तुरीच्या काड्या, कडबा वा गवत पसरतो. कोणी दोडक्याचा वा दुध्याचा वेल चढवितो. कोणी आतून जुन्या साड्यांचे अथवा गोणपाटाचे छत बांधतो. यातील प्रत्येक युक्तीत काही तथ्य आहे. काड्यांचा थर ऊन पत्र्यापर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून तो सर्वांत गुणकारी. पण ठिणगीची धास्ती आणि वाऱ्याचा उपद्रव त्याला लागलेलाच. आतले छत हवा थंड करीत नाही, परंतु तापलेले लोखंड आणि माणूस यांच्यामध्ये आडोसा धरते. छत आणि पत्रा यांच्यामधली हवा वळचणीतून आत येऊन आढ्यापाशी बाहेर पडेल अशी वाट ठेवली तर त्याचा गुण कितीतरी वाढतो. तेवढी एक फट सोडण्यास पैसा पडत नाही, आणि तीच बहुधा सोडलेली नसते. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. पांढऱ्या छपराने खोलीचे दुपारचे उष्णतामान दोनापासून चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याचे अनुभव आहेत. चुना पहिल्या पावसात धुऊन जातो अशी तक्रार होते. पण पाऊस आल्यावर त्याचे काम उरते कोठे? दर फाल्गुनात एक हात द्यावा, जसा पूर्वी दर मृगाआधी मातीचा थर देत.

हिंगोलीच्या लोकांपुढे या साऱ्या प्रश्नाला अलीकडे एक वेगळीच धार आली आहे. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील गावांना गेली काही वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येत आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर कळमनुरीच्या बाजूस ४.५ तीव्रतेचा आणि लागलीच ३.६ तीव्रतेचा असे दोन धक्के बसले. हिंगोली, परभणी, नांदेड तिन्ही जिल्ह्यांत ते जाणवले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ चा धक्का आला. मार्चमधील धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने ग्रामस्थांना जी सूचना दिली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे: ज्यांच्या घरांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर आधारासाठी दगड ठेवलेले आहेत, त्यांनी ते दगड खाली उतरवावेत.

कारण उघड आहे. पत्रा हलका म्हणून भूकंपात बरा, आणि हलका म्हणूनच वादळात उडतो. वळवाच्या वाऱ्याने तो उचलला जाऊ नये म्हणून गरिबाने त्यावर दगड मांडले. म्हणजे ज्या भाराला भिऊन माळवद सोडले तोच भार, सुटा, न बांधलेला, पुन्हा डोक्यावर आला. मार्चअखेर दगड उतरवावेत तर एप्रिल-मे हेच वावटळींचे दिवस. यावर इलाज वजनाचा नाही, बांधणीचा आहे: पत्रा लोखंडी आकड्यांनी आणि रुंद चकत्यांनी वाशांना आवळावा, वासे भिंतीच्या माथ्यावरील पट्टीला आणि पट्टी भिंतीला जखडावी. मग त्या पत्र्यावर दगड लागत नाही, आणि दगड नसला की त्यावर चुन्याचा हात सलग देता येतो.